अक्काच्या खाटेशी

अक्काने हुबळीत सासरच्या माडीवरून उडी घेतली तेव्हा मी इंग्रजी शाळेत होते. तिची मांडी मोडली, दोन्ही टाचा फुटल्या, पण जीव वाचला. तिला धारवाडच्या इस्पितळात आणलं. मळमड्डीतल्या आमच्या घरून रोजची पायपीट आईला झेपेना, म्हणून शाळेतून माझं नाव काढून मला तिच्या खाटेशी बसवलं.

तिचा पाय फळीला बांधून दोरीने ताणून ठेवला होता. दोरी खाटेच्या टोकाला लावलेल्या चाकावरून खाली जाई आणि तिला वाळूची पिशवी लटके. अक्काला कूस बदलायचीही बंदी होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून नर्सबाई तिला अलगद उचलून धरत आणि मी स्पिरिट चोळून वर पावडर लावत असे. शौचाचं भांडं देणं, ते धुणं हेही माझ्याकडेच.

अप्पा कोर्टात कारकून होते. कचेरी सुटली की ते थेट तिथे येत, मोसंबी सोलून, बिया काढून एकेक फोड तिच्या तोंडात घालत. तिच्या केसांतला गुंतासुद्धा सोडवत. मी कितवीत होते हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. मी साली गोळा करी आणि आतल्या आत जळत राही.

एकदा फौजदार जबाब घ्यायला आले. जीव द्यायला जाणं तेव्हा गुन्हा होता.

"पडली, की उडी मारली?" त्यांनी कानडीत विचारलं.

अक्काने डोळे मिटले. अप्पा म्हणाले, "वाळवण काढताना तोल गेला, साहेब."

फुटलेल्या बरणीबद्दल मी खोटं बोलले होते, तेव्हा याच अप्पांनी मला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. फौजदार निघाले तसे अप्पा त्यांना पोचवायला बाहेर गेले. मी अक्काला म्हटलं, "तुझ्यासाठी अप्पा खोटंसुद्धा बोलले."

"मी दोनदा माहेरी पळून आले होते," ती म्हणाली. "दोन्ही वेळा त्यांनीच मला गाडीत बसवून परत पोचवलं. तेव्हा कुठे होते गं हे अप्पा?"

तरी संध्याकाळी मोसंबी सोलली गेली, आणि माझा जीव पुन्हा जळला.

अक्का कुबड्यांवर चालायला लागली. सासरची माणसं न्यायला आली, तर अप्पांनी त्यांना ओटीवरूनच परत पाठवलं. मग तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घातलं. माझं नाव मात्र शाळेत पुन्हा घातलं नाही. अळणावर गावचं स्थळ आलं आणि लग्न ठरलं.

सासरी निघाले तेव्हा स्टेशनवर अप्पा एवढंच म्हणाले, "नीट राहा." गाडी हलली तशी अक्का कुबडी टेकत डब्याबरोबर थोडी चालली. खिडकीला धरून म्हणाली, "तिथे काही झालं तर आधी मला कळव. अप्पांना मी सांगेन."

तिचा शब्द अप्पा ऐकतील, याचाच मला अळणावर स्टेशन येईपर्यंत राग येत राहिला.