चपलांजवळून चालू केलेली बारा मशीनं

१९९८ सालची दिवाळी. लक्ष्मीपूजनाचा दिवस, दुपारचे चार. जागा सुरतेत कतारगामचा एक हिऱ्यांचा कारखाना, दुसरा मजला. आत माणसं नऊ. शेठ, त्यांचे दोन भाऊ, पुतण्या हितेश, हिशेब लिहिणारे महेताजी, पूजा सांगणारे महाराज आणि घरच्या तीन बायका. बाहेर जिन्याच्या तोंडाशी चपलांचे नऊ जोड आणि मी.

"त्यां ज बेसी रहेजे," शेठ म्हणाले. तिथेच बसून राहा.

मी बसलो.

आतली बारा मशीनं मीच बसवली होती. अडीच महिने लागले. मशीनं जुनी, भंगारातून घेतलेली, एकातही हार्ड डिस्क नव्हती. एका खोलीत एक मोठं मशीन ठेवलं होतं, तो सर्व्हर. त्यावर लिनक्स ही प्रणाली. बारांपैकी कुठलंही मशीन चालू केलं की ते आपल्या नेटवर्क कार्डाचा नंबर वायरीतून सर्व्हरकडे पाठवतं. सर्व्हर तो नंबर यादीत बघतो. यादीत असला की मशीनला नाव देतो, पत्ता देतो आणि चालायला लागणारं सगळं वायरीतूनच पाठवतो. शेठना ही गोष्ट फार आवडली होती. कोणत्या पुडीत किती कॅरेट माल आहे हे फ्लॉपीवर भरून कुणी पळवू नये, ही त्यांची काळजी. "जेना पेटमां कंई नथी, ए चोरे शुं?" ज्याच्या पोटात काही नाही तो चोरणार काय, असं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. लिनक्स फुकट मिळतं हे मात्र त्यांना शेवटपर्यंत खटकत होतं. "मफतनुं छे तो सारुं केम होय?" फुकटचं आहे तर चांगलं कसं असेल?

नंबरांची यादी मी हाताने केली. एकेक कार्ड काढून वहीत उतरवलं. तरी तीन दिवस दोन मशीनं एका वेळी चालेनात. एक चालू केलं की दुसरं अडायचं. सगळे म्हणाले, मशीन खराब. मी बाराही नंबर एकाखाली एक लिहिले. चौथा आणि नववा सारखाच. कंपनीने दोन कार्डांवर एकच नंबर टाकला होता. दुकानदार मानायला तयार नव्हता, वही दाखवल्यावर कार्ड बदलून दिलं. त्या दिवशी शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, दिवाळीनंतर पक्की नोकरी.

पक्की नोकरी म्हणजे काय, हे सुरतेच्या टोकाला डिंडोलीत भाड्याच्या खोलीत पाच माणसं राहणाऱ्यालाच कळेल. आबा, माझे वडील, खानदेशातून इथल्या गिरणीत कामाला आले. गिरणी बंद पडली आणि छातीत कापसाची धूळ उरली. महिन्याचं औषध चारशेचं. मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात रोजावर. लिनक्स शिकलो ते डिक्शनरी शेजारी ठेवून.

शेठना दसऱ्याला उद्घाटन करायचं होतं. मी म्हणालो, दसऱ्याला मी नसेन, नागपूरला जातो.

"दशेराए नागपूर? त्यां शुं छे?"

"दीक्षाभूमी. आम्ही बौद्ध आहोत."

महेताजींनी वहीतून मान वर केली, पुन्हा खाली घातली. एवढंच. उद्घाटन दिवाळीच्या चोपडापूजनावर गेलं. चोपडे म्हणजे हिशेबाच्या वह्या, त्यांची पूजा होते तशी यंदा सर्व्हरचीही होणार होती.

दसरा ते दिवाळी अठरा दिवस. सर्व्हरच्या खोलीतच देव्हारा होता. त्याआधी मी तिथे दिवसातून वीस वेळा ये-जा केली होती. नागपूरहून आलो तर दारात हितेश. "तुम बोलो, मैं करता हूँ." महेताजी रोज ठेपल्याचा डबा पुढे करायचे, तो पुढे येणं थांबलं. कुणी अपशब्द बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, दिवाळीपर्यंत काढ.

तर त्या दिवशी पूजा आटोपली. मुहूर्त चार वाजून बावीस मिनिटांचा. शेठ पहिल्या मशीनवर श्री लिहून पहिली नोंद करणार होते. मशीन चालू केलं. पडद्यावर ठिपके उमटायला लागले. मशीन सर्व्हरला शोधतंय, असा त्याचा अर्थ. ठिपके वाढत गेले. दुसरं मशीन लावलं, तिथेही ठिपके. बाराही पडद्यांवर ठिपके.

हितेश धावत बाहेर आला. कपाळावर टिळा, घामाने पाझरलेला.

मी विचारलं, "सर्व्हर हलवला का?"

"पाट पे रखा ना, पूजा के लिए. वायर निकाल के वापस लगाया."

मला तिथेच कळलं. या वायरीच्या दोन्ही टोकांना बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी लावावी लागते. एक जरी निघाली तरी सगळी मशीनं मुकी होतात. सर्व्हर टोकाला होता. वायर परत लावली होती, टोपी राहिली होती.

मी उठलो. "शेठ, मला आत येऊ द्या. एका मिनिटाचं काम आहे."

शेठ दारात आले. हात आडवा धरला नाही, नुसते उभे राहिले. "बहारथी ज बोल." बाहेरूनच बोल.

चार वाजून अकरा मिनिटं झाली होती.

मी बोललो. एका पायाखाली कुणाची तरी मोजडी होती, आणि मी तिथून ओरडून सांगत होतो. सर्व्हरच्या मागे बघ. वायर जिथे लागते तिथे दुसरी बाजू मोकळी आहे का? आहे. चांदीसारखी छोटी टोपी शोध. नाही, पाटाखाली नाही. फुलांत बघ. ताटात बघ.

ताटात सापडली. महाराजांना ती पूजेतलीच वस्तू वाटली होती. तिला कुंकू लावलं होतं, वर अक्षता टाकल्या होत्या.

"कुंकू पूस. आतली सुई पूस. दाबून फिरव."

ठिपके थांबले. मशीनं एकेक करून बोलायला लागली. आत टाळ्या पडल्या.

"वाह, हितेशभाई! तमे तो एन्जिनियर थई गया!" महाराज म्हणाले. बायका हसल्या. हितेशने एकदा माझ्याकडे बघितलं, मग बघितलं नाही.

कुंकू लागलेली धातूची टोपी त्या खोलीत चालत होती. तिला लावणारा हात चालत नव्हता.

थोड्या वेळाने शेठ मिठाईचा डबा घेऊन बाहेर आले. माझ्या हातात दिला नाही. चपलांशेजारी फरशीवर ठेवला.

"कल से पगार चालू. तीन हजार. तू इधर बैठना, टेबल डाल दूँगा, फोन रखवा दूँगा. अंदर का हितेश करेगा. तू उसको सब सिखा दे."

त्यांच्या मते ते उपकार करत होते. आवाजात राग नव्हता.

मी म्हणालो, "शेठ, मशीन जिथे आहे तिथे मी जाईन. जाता येत नसेल तर हे काम मला नको."

"अरे, घर की पूजा है. मन पे मत ले."

"पूजा आजची आहे. टेबल रोजचं आहे."

शेठनी खांदे उडवले. "तो जा. तारा जेवा पचास मळशे." तुझ्यासारखे पन्नास मिळतील.

सर्व्हरचा पासवर्ड फक्त मला ठाऊक होता. न देता जाता आलं असतं. पण बसवण्याची मजुरी मी घेतली होती, मशीन त्यांचं होतं. वहीच्या पानावर तो लिहिला, खाली बाराही नंबर लिहिले, पान मिठाईच्या डब्यावर ठेवलं आणि जिना उतरलो.

घरी सांगितलं. बायको चूल पुसता पुसता थांबली. मग म्हणाली, "नाही म्हनून आलात ते बरंच केलं. पन आबांच्या औषधाचं काय?"

आबा खाटेवरून बोलले. खोकत, थांबत. "गिरणीच्या खात्यात मला माठाला हात लावू दिला नाही. एकोणीस वर्षं ओंजळीनं पानी प्यालो. तुला टेबल भेटत व्हतं. टेबल घ्यायचं व्हतं, रे."

 

माझ्या नकाराने कतारगामात काही अडलं नाही. हितेश शिकला. ती मशीनं पुढे कितीतरी वर्षं चालली, मी बसवली होती म्हणूनच चांगली चालली. मला सात महिने काम नव्हतं. मग भेस्तानला एका लूमच्या कारखान्यात वायरमन झालो. आबा पुढचा पाऊस लागायच्या आधी गेले. औषध शेवटी शेवटी अर्धंच देत होतो.

नंतर नेटवर्कच्या कामाला मला पाच ठिकाणी बोलावलं. तीन ठिकाणी घरची माणसं, वागणूक, बोलणं सगळं चांगलं, आणि एका दारापाशी आल्यावर तेच. बाहेरून सांगा. तिन्ही ठिकाणांहून परत आलो. त्यांतल्या कुणाला लाज वाटली असेल असं मला वाटत नाही. पुढे वाटेल असंही वाटत नाही. लोक बदलतील या आशेवर मी हे लिहीत नाही.

त्या दुपारी माझ्याशी जे केलं ते शेठनी केलं. पण चपलांत उभा राहून, ओरडून, मुहूर्ताच्या आत मशीनं मी चालू करून दिली. ती अकरा मिनिटं माझी आहेत. त्या मिनिटांचा दोष मी दुसऱ्या कुणाला देत नाही.

पुन्हा कुणाला देणार नाही तशी मिनिटं. मशीन बंद राहो, मुहूर्त टळो, पगार जावो. घरात औषध अर्धं पडो. हे शेवटचं वाक्य लिहिताना हात थांबला होता. तरी लिहिलं आहे, आणि खोडणार नाही.