कचेरीवरचं बदक

"स्वल्प थांब, वाळू दे." अण्णांना काहीही विचारा, आधी हेच उत्तर यायचं. जेवलात का? स्वल्प थांब, वाळू दे. मुलीचं लग्न ठरलं का? वाळू दे. माणसाला बोलायलाही वेळ लागायचा, आणि मी तीस वर्षं फायली सरकवलेला कारकून, मला घाईचाच कंटाळा. त्यामुळे आमचं जमलं. मला ते तम्मा म्हणायचे, धाकट्या भावाला म्हणतात तसं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कचेरीच्या हजेरीपटावर नसतात, पण कचेरीचं पान त्यांच्यावाचून हलत नाही. आमची कचेरी बंगळुरूच्या छावणी भागात, इंग्रजांनी बांधलेली. दारावर त्यांच्याच वेळचं शहराचं चिन्ह, चुन्यात उठावाने केलेलं. मधे ढाल, दोन बाजूंना दोन सिंह, आणि ढालीच्या डोक्यावर बदक. स्थापनादिनाच्या आधी अण्णा परांचीवर चढायचे आणि ते रंगवायचे. त्या दिवशी चढणाऱ्या झेंड्यावरही हेच चिन्ह ते हाताने काढायचे, खारीच्या केसांच्या कुंचल्याने. सिंहांना मिशा जरा जास्तच यायच्या. त्यांच्या आधी हे काम त्यांच्या वडिलांकडे होतं. घराणंच रंगाऱ्यांचं. आमच्यासारखेच कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले.

बदक का, असं कोणी विचारत नसे. शाळेच्या बाई पोरांना घेऊन यायच्या आणि ठोकून द्यायच्या, "आपलं शहर तळ्यांचं, म्हणून बदक!" रिक्षावाल्याला 'बातुकोळी आफीस' म्हणा, बदकाची कचेरी, की दारात आणून सोडायचा. अण्णांच्या वडिलांना तर या कामासाठी इथल्या मराठी समाजाने शाल दिली होती. समाजाच्या सभागृहात त्यांचा फोटो आहे, हार घातलेला. त्याच्यासमोरून जाताना अण्णा चप्पल काढायचे.

मग वरून हुकूम आला की इमारतीची डागडुजी करा आणि चिन्ह मूळ रूपात आणा. बेळ्ळंदूरच्या एका वास्तुरचनाकारांच्या ऑफिसातून एक मुलगी यायला लागली, पुण्याची. दोन दोन तास रहदारीत अडकून बिचारी दमून यायची, पण कामाला चोख. एके दिवशी परांचीवरून तिने हाक मारली, "काका, हे डक नाहीचे! खाली बुरूज आहे. चुन्याचे थर चढून चढून त्याचा गोळा झाला, आणि कोणीतरी त्याला चोच काढली."

मला हसू फुटलं. मग शेजारी उभ्या असलेल्या अण्णांकडे बघितलं आणि ते जिरलं.

अहवालात ही चूक कोणाची ते लिहायचं होतं. साहेबांनी ते नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात मारलं. जेवणाच्या सुट्टीत मी अण्णांना मागच्या व्हरांड्यात बसवलं.

"अप्पांनी, माझ्या वडिलांनी केलं, तम्मा. इंग्रज गेल्यावर पहिल्यांदा रंगवायला सांगितलं, पण चित्र कोणी दिलं नाही. खालून गोळा दिसला, एका बाजूला पंखासारखा उंचवटा. केलं बदक."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"माझ्या लग्नाच्या आधल्या वर्षी पोपडा निघाला. आत बुरुजाचे दात दिसले."

"मग?"

"लांबी भरून ते बुजवलं आणि चोच परत काढली. अप्पा खाली खुर्ची टाकून बघत होते रे. काय सांगणार?"

मग तेच म्हणाले, "माझं नाव लिही."

"अहो, पण हे खोटं आहे!"

"सभागृहातला फोटो उतरवतील. शाल दिलेला माणूस तो. माझा फोटो कोण लावणार आहे? माझंच लिही."

"तुमचं काम जाईल अण्णा."

"गुडघे गेलेच आहेत. कामही जाऊ दे. पण कोणाला बोलू नकोस, घरी तर नाहीच. शपथ घे."

मला त्यांचा राग आला, त्या मेल्या बदकाचा आला, आणि शपथ घेतली म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला. तरी लिहिलं. 'अलीकडच्या काळात एका अप्रशिक्षित रंगाऱ्याने अज्ञानाने केलेला बदल', आणि पुढे त्यांचं नाव. अण्णा अर्ध्या चड्डीत होते तेव्हापासून बदक तिथे होतं. रस्त्यावरच्या कुठल्याही म्हाताऱ्याने हे सांगितलं असतं. पण कोणी विचारलं नाही. सही झाली, फाईल पुढे गेली.

बदक अण्णांनीच खरवडलं. "अप्पांचं आहे, दुसऱ्याचा हात नको," एवढंच मला हळूच म्हणाले. तीन दिवस लागले. खाली उतरले तेव्हा भुवया चुन्याने पांढऱ्या झाल्या होत्या. मी पाणी दिलं तर अर्धं सांडलं. नवा झेंडा मशीनवर छापून आला. बुरूज अगदी रेखीव आहे, नाव ठेवायला जागा नाही. त्यानंतर कचेरीने त्यांना बोलावलं नाही आणि तेही फिरकले नाहीत. वर्षाच्या आत गेले. मीही निवृत्त झालो.

परवा त्यांची मुलगी बनशंकरीला माझ्या घरी आली. बँकेत असते. कचेरीच्या दाराशी आता माहितीचा फलक लावलाय, आणि माझं ते वाक्य त्यावर जसंच्या तसं आहे, नावासकट. तिने ते वाचलं होतं.

"काका, तुम्ही इतकी वर्षं बरोबर होता. खरं सांगा. बाबांनीच केलं का हे?"

शपथ आठवली. "हो," मी म्हणालो.



"आजोबांनी एवढं नाव कमावलं, आणि बाबांनी असं करावं? बरं झालं, आजोबा हे बघायला नव्हते."

तिच्याकडे बघवेना. कॉफी टाकतो म्हणून मी आत गेलो, आणि ओट्याला धरून नुसताच उभा राहिलो.