कागदावरचा प्रोसेसर

बत्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात नोकरी केल्यामुळे एक शिकवण माझ्या हाडांत मुरली आहे: वस्तू खोटे बोलू शकते, सही-शिक्क्याचा कागद बोलत नाही. या शिकवणीने मला निवृत्तीनंतर समुद्रपूरच्या आमच्या अभ्यासिकेचा सचिव केले, आणि याच शिकवणीने पाचपैकी चार संगणक माझ्या हातून बंद पाडले.

हे पाच संगणक नागपूरच्या एका कार्यालयाने आम्हाला दान दिले होते. कार्यालयांना दानाची बुद्धी केव्हा होते, हे ज्याने असे दान उघडून पाहिले आहे त्याला सांगणे नको. डब्यांवर बोटभर धूळ होती. सोबतचे पत्र मात्र देखणे होते. जावक क्रमांक, गोल शिक्का, सुवाच्य सही, आणि मजकूर असा की पाचही संगणकांत एकाच, अगदी अलीकडच्या प्रकारचे प्रोसेसर असून ते सुस्थितीत आहेत. मी तो मजकूर आवक वहीत शब्दशः उतरवला आणि खाली सही ठोकली.

समितीचे अध्यक्ष बसस्थानकाजवळचे किराणा व्यापारी. त्यांनी संगणकांकडे पाहून, नासक्या डाळीचे पोते पाहावे तसा चेहरा केला.

"बाबूजी, हे भंगार हाय. उगाच जागा अडवून राह्यलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मीटिंग हाय. तोवर चाललं तं ठीक, नाई तं भंगारवाल्याले बोलावतो."

त्यांचे दुकान माझ्या घरापासून चाळीस पावलांवर आहे. मी त्यांना दोन पानी उत्तर पोचपावतीच्या रजिस्टर टपालाने पाठवले. ते चौथ्या दिवशी पोहोचले. संगणकावरच्या सराव परीक्षेसाठी आमच्या मुलामुलींना एसटीने हिंगणघाट गाठावे लागते, सबब हे संगणक म्हणजे भंगार नसून गरज आहे, असे मी त्यात सप्रमाण मांडले होते. अध्यक्षांनी त्या पत्रात काय बांधून दिले असेल, याचा तर्क मी करत नाही.

सेवाग्रामला संगणकाची नोकरी करणारी माझी पुतणी एका रविवारी आली आणि तिने पाचही यंत्रांवर एक फुकट मिळणारी कार्यप्रणाली बसवली. या प्रणालीतले प्रोग्रॅम माणसाने लिहिलेल्या रूपातच मिळतात. कंपायलर नावाचा दुभाषा ते आपल्या प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देतो. कोणत्या प्रोसेसरसाठी, हे त्याला सेटिंगच्या फायलीत एका ओळीत नाव लिहून सांगावे लागते. नावांची यादी मी वाचली. प्रोसेसरच्या एका जुन्या पिढीला पुलाचे नाव, नंतरच्या एका पिढीला तलावाचे. आमच्या तालुक्यातही कित्येक पूल आणि तलाव असे केवळ यादीतच आहेत, त्यामुळे मला परके वाटले नाही.

पुतणीची बस सुटत होती. जाता जाता तिने चिठ्ठीवर एक आज्ञा लिहून दिली. "मोठेबाबा, नाव टाकायच्या आधी ही आज्ञा देऊन एकेका मशीनले विचारा. ते सोताच सांगते आपण कोण हावो ते."

मला हे असभ्य वाटले. लेखी दस्तऐवज समोर असताना तोंडी पुरावा ग्राह्य नसतो, हे कायद्याचा 'क'ही न येणारा माणूस जाणतो. पत्रात अलीकडचा प्रकार नमूद होता. मी तलावाचे नाव लिहिले. दाराजवळच्या संगणकावर दोन दिवस कंपायलर चालला. तयार झालेले प्रोग्रॅम मी इतर चारांवर उतरवले.

दाराजवळचा संगणक घोड्यासारखा धावला. उरलेले चार, कोणताही प्रोग्रॅम उघडताच, आज्ञा बेकायदेशीर आहे असे सांगून बंद पडत. मला! बेकायदेशीर!

मी त्याच दिवशी नागपूरला पत्र टाकले. तत्परतेने उत्तर आले: अभिलेखानुसार पाचही संगणक एकसारखे आहेत, सबब प्रश्न उद्भवत नाही. मी स्मरणपत्र पाठवले. अध्यक्ष दुकानातून ओरडले, "काऊन बाबूजी, मशीनलेई नोटीस काढली का?"

"विचाराधीन आहे," मी म्हणालो, आणि ती होतीही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी दुपारी पुतणी आली. तिने ती आज्ञा पाचही यंत्रांना दिली. पाच मिनिटे लागली. दाराजवळचा तलाव निघाला. उरलेले चारही जुने पूल.

"तलावासाठी बनवलेलं पुलाले समजत नाई, मोठेबाबा. पुलासाठी बनवलेलं दोघायलेई समजते. फायलीत पुलाचं नाव टाका."

"मग दाराजवळचा?"

"थोडा हळू चालन. पण एकदाच बनवून पाचही चालतीन."

कंपायलरला पुन्हा दोन दिवस हवे होते आणि मीटिंग उद्यावर आली होती. मुदत मागायची तर कारण द्यावे लागणार, आणि कारण माझ्याच सहीने आवक वहीत बसले होते. पुतणीने माझा चेहरा पाहिला असावा. ती हळूच म्हणाली, "मी सांगू का उद्या, नाव माझ्याकडून चुकलं म्हणून?"

मी पक्षकारांना खोट्या साक्षीबद्दल आयुष्यभर तुच्छ लेखले आहे. तरीही उत्तर द्यायला मला चहाचा अख्खा कप लागला. मग मी नाही म्हणालो.

रविवारी मी उभा राहून निवेदन वाचले: सचिवांनी पत्रावर विश्वास ठेवला, यंत्रांना विचारले नाही, विचारण्याची आज्ञा लेखी मिळूनही विचारले नाही, सबब आठ दिवसांची मुदत मिळावी.

"बाबूजी," अध्यक्ष म्हणाले, "हे वहीत लिवायचं का?"

"शब्दशः."

त्यांनी स्वतः पेन उघडले आणि लिहिले. मुदत दिली. भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलेही.

बुधवारी दुपारी पाचही खुर्च्यांवर मुले-मुली बसून सराव परीक्षा सोडवत होती. दाराजवळचा संगणक आता पूर्वीपेक्षा किंचित हळू चालतो. इतर चारांसाठी त्याची एक पायरी उतरवली गेली, हे मला मान्य आहे. त्याने रीतसर अर्ज केल्यास समिती विचार करील.