आत्याच्या खिळ्यासाठी थांगका

सोलापूरला फिरायला कोण जातं, असं ऑफिसात तिघांनी विचारलं. मी जात होते, कारण आत्याचं नवं घर झालं होतं आणि समोरच्या भिंतीत खिळा ठोकून तिनं फोन केला होता, "बुद्धाचं चित्र तूच आण." मी नुकताच लेहहून थांगका आणला होता. कापडावर रंगवलेलं बौद्ध चित्र, भोवती रेशमी किनार, वर पिवळा झिरझिरीत पडदा. गुंडाळून नेता येतो. याहून चांगलं काय, म्हणून निघाले.

पुण्याहून रस्ता झकास आहे, पण पहाटेच निघा. भिगवणच्या पुढे ऊन दयामाया दाखवत नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे मिसळ आणि चहा, शंभर-सव्वाशेत पोट भरतं. सोलापूरच्या नवी पेठेत मात्र गाडी घालू नका, रिक्षा करा. मी थांगका लटकवायला पितळी साखळी घ्यायला गेले. रिक्षावाल्याने गुंडाळी पाहिली.

"वॉल हँगिंग हाय? लोक सोलापुरातनं बाहेर नेतात मॅडम, तुमी बाहेरनं हितं आणताय व्हय?"

आत्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. हात धुऊन तिनं पडदा वर केला.

"हे कोण?"

"अवलोकितेश्वर. करुणेचा बोधिसत्त्व."

"हात चार हायत."

"ती प्रतीकं आहेत गं, देव नाही." हे मला लेहच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

"दुकानदार पुजत न्हवता?"

दुकानात असल्याच एका चित्रापुढे तुपाचा दिवा होता. आमच्या घरात पणजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशीच देव्हारा निघाला. आत्या रिटायर्ड शिक्षिका, देवाला हात न जोडण्याच्या बाबतीत फार कडक. पण चित्र बौद्ध, आम्हीही बौद्ध, मग अडतंय कुठे? माझं डोकंच चालेना.

थांगका दिवाणावर पसरलेला राहिला. संध्याकाळी आत्या त्याच्यासमोर बराच वेळ उभी दिसली. मला वाटलं, जमलं आपलं काम.

सकाळी बघते तर तिनं तो नीट गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलेला.

"आवडला नाही का?"

"लई आवडला. काल बघता बघता हात जोडले गेले माझे. म्हणून तर न्हाय लावत."

येताना शेंगाचटणी घेतली, चादर घेतली आणि तो रिकामा खिळा डोक्यात घेऊन आले. वाईट वाटलं, रागही आला, आणि तिचंच बरोबर असेल असंही वाटलं.

थांगका आता माझ्या हॉलमध्ये आहे. मी कशालाच हात न जोडणारी. पण त्याच्यापुढून जाताना हात उगाच चुळबुळतात. मग मी पडदा खाली सोडते, आणि थोड्या वेळाने जाऊन परत वर करते.

परवा आत्याचा फोन आला. "खिळा तसाच हाय बघ. साधा बुद्ध आण. दोन हातांचा."

मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आन् त्या चार हातवाल्याला ऊन लागू दिऊ नको."