बाबांची पोह्यांनंतरची गोळी

आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. बीएस्सी, प्राणिशास्त्र घेऊन. हे मी कोणालाही छाती काढून सांगते. पण जानेफळचे पाहुणे मला पाहायला येणार होते तेव्हा आई म्हणाली, "कॉलेजचं लागन तेवढं सांग. बाबांच्या गोळ्यांचं तोंडातून काढू नोको."

बाबांना बायपोलर आहे. मन कधी भलतंच चढतं, कधी पार तळाला जातं. एकदा चढलं तेव्हा पोळा कुठल्या कुठं लांब असताना त्यांनी आमच्या बैलांची शिंगं रंगवली, वार्निश उरलं म्हणून शेजाऱ्याच्याही. गोळ्या सुरू झाल्यापासून बैल सुखात आहेत.

पाहुणे आले. मुलगा मला आवडला, म्हणून तर धाकधूक जास्त. पोहे संपले आणि बाबांनी सवयीनं खिशातून पाकीट काढून गोळी तोंडात टाकली.

"बीपी हाये का भाऊ?" मुलाच्या आईनं विचारलं.

"हो, बीपीच," आई घाईनं म्हणाली.

"बीपी काऊन वं?" बाबा म्हणाले. "मले बायपोलर हाये."

मग त्या बाई माझ्याकडे वळल्या. "तू शिकेल हायेस नं? मंग सांग, हे पोरीले बी लागते का?"

आई डोळ्यांनीच नको नको म्हणत होती. मी सांगितलं, "येऊ शकतं. बाकीच्यांपेक्षा मला धोका जास्त. पण अशा घरांतल्याही बहुतेक पोरांना होत नाही. हे एकट्या जनुकाचं काम नाही. पुष्कळ जनुकं थोडा थोडा हात लावतात, मग माणसाचं जगणंही लावतं. कोणाला होईल, ते आधी तपासून कळत नाही."

"नाक तं बापाचंच घेतलं," त्या म्हणाल्या.

मुलगा फिसकन हसला. त्यांनी त्याला कोपरानं ढोसलं. "तू नोको हासू. तुह्या काकाचं काय? महिनेन् महिने तोंड उघडत नाही, मंग एकदम गल्लीभर जिलबी वाटते. आपण म्हणतो, सोभाव हाये." मग बाबांना हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा डॉक्टर कोठचा?"

"खामगावचा. मीच नेतो याच्या काकाले."

लग्न ठरलं. काकांचंही निदान तेच निघालं. आता बाबा आणि काका, दोघे व्याही, तपासणीला सोबत जातात आणि एसटीत खिडकीसाठी भांडतात.

मला सातवा महिना आहे. बाळाकडे दोन्ही घरांतून काय काय येणार, याचा मी परवा विचार करत बसले होते. सासूबाईंनी पुढ्यात शिऱ्याची बशी ठेवली.

"येऊ दे काय येते ते. डॉक्टर तं घरचाच झाला आता."