शेवंतामावशींची ‘गेल्ती’

बेलापूरच्या वाचनालयात शेवंतामावशी पुस्तक हातात देण्याआधी त्याचं शेवटचं वाक्य वाचून बघत. शेवट वाईट असला तर विचारत, “घरी कुनी आजारी न्हाई ना?” कुणी असलं तर पुस्तक परत कपाटात. त्या होत्या शिपाई. ग्रंथपाल वेगळे होते, पण ते सहीपुरते.

भुताच्या कादंबऱ्यांचं त्यांना हसू येई. “पुस्तकातलं भूत लई शिस्तीचं,” म्हणत, “टायमावर येतंय. यस्टीसारखं न्हाई.”

मी कॉलेजात मराठी शिकवणारा, पेपरात कुणी ‘गेली होती’च्या जागी ‘गेल्ती’ लिहिलं की अर्धा मार्क कापणारा. वाचनालयात एकदा मी एका भयकादंबरीवर बोललो. त्यात लहान मुलगी हरवते, मग घरात रोज ओली पावलं उमटू लागतात. ते भूत, की आईच्या मनाचे खेळ, हे लेखक सांगतच नाही. शेवटचं वाक्य एवढंच : ‘मुलगी गेली होती.’ त्यातल्या संदिग्धतेवर मी पाऊण तास घेतला. श्रोते अकरा, त्यातले जागे दोन.

खुर्च्या उचलताना मावशी म्हणाल्या, “सर, मी बाजारला गेल्ते म्हनले, तर आता मी कुठंय?”

“इथंच.”

“मग पोरगी आली की माघारी! त्यात पाऊन तास काय बोलायचं?”

मी हसलो आणि व्याकरण काढलं. “मावशी, इथं तसा अर्थ निघत नाही. ती परत आलेली नाही.”

त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली.

“आमची सुमी नऊ वर्साची हुती. बाजारात हात सुटला. तवापासनं कुनी इचारलं की मी म्हनते, बाजारला गेल्ती. ‘गेली’ कदी म्हनले न्हाई. अन् तुमी म्हनता अर्थ निघत न्हाई?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणालो, “निघतो, मावशी.”

ते पुस्तक त्यांनी स्वतःच्या नावावर घेतलं आणि दर पंधरवड्याला नवी तारीख टाकून घरीच ठेवलं. कुणी मागितलं तर सांगत, “शेवट चांगला हाय, पन लोकांना कळत न्हाई.”

यंदा त्या वारल्या. शोकसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, “मावशी गेल्त्या.”

खसखस पिकली. अध्यक्षांनी हळूच दुरुस्त केलं, “सर, गेल्या.”

अर्धा मार्क गेला तर जाऊ दे. मी पुन्हा म्हणालो, “गेल्त्या.”