पोरगं कोणावर गेलंय?

संशोधनात डेटा मागून मागून मिळत नाही आणि किस्से नको नको म्हणताना जमतात. आमच्या लॅबमधला निम्मा चहा याच किश्शांवर संपतो. परवा मैत्रीण म्हणाली, "अगं, लिहून काढ. तुझ्या पेपरपेक्षा जास्त लोक वाचतील!" टोमणाच होता, पण खोटा नव्हता.

आधी काम काय ते सांगते. मी पुण्यात एका संस्थेत पोस्टडॉक करते, म्हणजे पीएच.डी. झाली, कायमची नोकरी नाही, तोवर संशोधन. माणसाचा चेहरा त्रिमितीय कॅमेऱ्यानं टिपायचा, नाक किती वर, हनुवटी किती पुढे, आणि पोराच्या चेहऱ्यात आईचं किती नि बापाचं किती, हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं. त्यासाठी हवीत अख्खी कुटुंबं. आई, बाप, मूल, तिघंही हजर! पुरेशी कुटुंबं जमली तर मला वर्षाची मुदतवाढ, नाही तर बॅग भरा, असं सरांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. मीही ठणकावून म्हटलं, "सर, मी नांदुऱ्याची. आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही!"

नाही म्हणत नाहीत, हे खरं. पण येतही नाहीत.

*

कुटुंबं जमवायला मी नांदुऱ्याला घरी आले. आईनं आधीच शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, "पोरगी पोस्टडॉक झाली." ते गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत 'पोस्टातली डॉक्टर' झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक आजोबा. "जयभीम, मॅडम," म्हणत खुर्चीत बसले, पायजमा वर सरकवला आणि गुडघा पुढे केला. मी समजावलं, बाबा, मी तशी डॉक्टर नाही, औषध देत नाही, चेहऱ्यांचा अभ्यास करते.

आजोबांनी शांतपणे पायजमा खाली केला.

"बरं मंग, माहं रजिस्टर कुठं अटकलं तेवढं पाहा!"

*

नांदुऱ्यात आमचा कॅम्प शकीलभाईंच्या फोटो स्टुडिओत होता. शकीलभाई दिलदार माणूस. जागा दिली, वीज दिली, चहा दिला आणि पहिल्या दिवसाचे सगळे स्कॅन वाया घालवले!

आमच्या कामात चेहऱ्यावर भाव चालत नाही. हसलं की गाल सरकतात आणि मापं बदलतात. समोरचा माणूस मोठ्या मुश्किलीनं चेहरा स्थिर करायचा, कॅमेरा सुरू व्हायचा आणि मागून शकीलभाई, "हां, थोडा स्माइल!" आयुष्यभराची सवय हो. तोंडावर हात धरून उभे राहिले, तरी नेमक्या क्षणी हात बाजूला.

सूचना द्यायचं काम माझा सहकारी अमेय करायचा. अस्सल पुणेकर. त्यानं एका काकूंना सांगितलं, "काकू, चेहरा निर्विकार ठेवा."

काकू चपापल्या. "इकार? मले कोनताच इकार नाई बाप्पा. थोडीशी शुगर हाये."

शेवटी मीच पुढे झाले. "काकू, लग्नात पुढाऱ्याचं भाषन आयकून राह्यलो, असं तोंड करा."

झालं! अख्ख्या तालुक्याला जमलं. सरांचा पुण्याहून मेसेज आला, 'एवढे उत्तम न्यूट्रल चेहरे कुठून मिळवलेत?' कोणाच्या कृपेनं, ते मी कळवलं नाही.

*

चेहऱ्यावर मापाच्या खुणांसाठी बारीक स्टिकर लावावे लागतात. ते संपले. नांदुऱ्यात मिळणार कुठे? मग बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. बायकांची हरकत नव्हती. पुरुष मात्र टिकली दिसली की घड्याळ बघायचे.

एक हवालदार तेवढे तयार झाले. बायको आणि मुलगी सोबत, म्हणजे पूर्ण कुटुंब! मी हर्षभरित. कपाळ, नाक, गाल, हनुवटी, सगळीकडे लाल टिकल्या लावून हवालदार बसले आणि तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर वरिष्ठांचा व्हिडिओ कॉल. घाईत उचललाही गेला.

पलीकडून आवाज आला, "कुठं आहात?"

हवालदार ताडकन उभे राहिले. "साहेब, साध्या वेशात हाये!"

*

धामणगाव बढ्याच्या कॅम्पात एक आडत दुकानदार आले. मिशी अशी की माणूस नंतर दिसावा. आमच्या कॅमेऱ्याला काळे दाट केस दिसत नाहीत, स्क्रीनवर तिथे नुसतं भोक पडतं. त्यांच्या नाकाखाली तर खिंडारच पडलं.

अमेयनं अत्यंत नम्रपणे विचारलं, "काका, मिशी काढता येईल का? संशोधनासाठी."

दुकानदारांनी आधी बायकोकडे बघितलं, मग पोराकडे, मग अमेयकडे.

"बाप मेला तवा काढली होती. आता कोन मेलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही, काका. राहू द्या." हातातोंडाशी आलेलं एक कुटुंब गेलं. बायको जाताना मला हळूच म्हणाली, "मले इचारलं असतं त मी हो म्हनली असती. त्याइचं तोंड म्या तरी कुठं पाह्यलं हाये!"

*

सॉफ्टवेअरमध्ये एक गंमत करता येते. टिपलेले सगळे चेहरे मिसळून एक सरासरी चेहरा काढायचा. नांदुऱ्याच्या पुरुषांचा सरासरी चेहरा निघाला तो सालस, नाकीडोळी नीटस, कुठे डाग नाही, वण नाही. (सरासरीत सगळ्यांचे दोष धुऊन निघतात. खऱ्या आयुष्यात अशी सोय नाही.) शकीलभाईंना तो इतका आवडला की मोठी प्रिंट काढून त्यांनी काचेत लावली.

आठवडाभर लोक येऊन ओळखत होते. कोणी म्हणे हा माझा साडू, कोणी म्हणे मलकापूरचा भाचा. मग एक मावशी आल्या आणि त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पोरगा कोनाचा हाये वं? आमच्या सुनीतासाठी पाहून राह्यलो."

मी म्हटलं, "मावशी, हा खरा मुलगा नाही. इथल्या सगळ्या पुरुषांचा मिळून हा एक झालाय."

मावशींनी पदर सावरला. "नको माय! एवढ्या मोठ्या खटल्यात देली त पोरगी भाकरी थापू थापू मरन!"

*

मुदतवाढ मला मिळाली ती वडनेर भोलजीमुळे. कमी पडलेली कुटुंबं त्याच गावानं भरून काढली. आणि त्या गावात पहिल्या सकाळी चिटपाखरूही आलं नव्हतं.

शेवटचा कॅम्प होता. कुटुंबं कमी पडत होती. शाळेच्या खोलीत मी, अमेय आणि मदतीला आलेले शकीलभाई एकमेकांचे न्यूट्रल चेहरे बघत बसलो होतो. कारण गावात पसरलं होतं, मशीन सांगते पोरगं कोनाचं हाये! काल हो म्हणालेल्या सगळ्यांना आज शेतात काम निघालं. एकजण तेवढा प्रामाणिक निघाला. "मॅडम, मले काई भेव नाई. पन मशीनचा काय भरोसा?"

आमचा नियम साधा होता. कोणाचा चेहरा कोणाशी किती जुळतो, हे आम्ही कोणालाच सांगत नाही, त्या घरच्यांनाही नाही. शकीलभाई म्हणाले, "टेन्शन नका घेऊ मॅडम," आणि भोंगा घेऊन गावभर फिरले. "रिझल्ट कोनालेच सांगता येत नाई होऽ!" त्यानं संशय आणखी पक्का झाला. लपवण्यासारखं असल्याशिवाय कोणी लपवतं का?

दुपारी कौतिकाबाई आल्या. सत्तरीच्या, काटक. सोबत मुलगा, सून आणि नातू. नातू गोड, पण घाऱ्या डोळ्यांचा. घरात काय, भावकीतही तसे डोळे कोणाचे नाहीत. पोरगं जन्मल्यापासून गाव त्या सुनेबद्दल काय बोलत होतं, ते शकीलभाईंनी माझ्या कानात सांगितलं. खिडक्या तर भरल्याच होत्या. शेतात गेलेलं अख्खं गाव तिथे उभं!

"काढ," कौतिकाबाई म्हणाल्या. "पहिले माहा काढ, मंग याइचा."

त्यांचा झाला. मुलाचा झाला, नातवाचा झाला. सून बसली, पण तिची हनुवटी थरथरत होती. स्कॅन बिघडला, पुन्हा घेतला, पुन्हा बिघडला. खरं सांगते, त्या क्षणी मला मुदतवाढ नको झाली होती. मी म्हटलं, "राहू द्या, ताई." तर सासूनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "नीट बस, माय. तुह्यासारखी सून साऱ्या गावात नाई."

तिसऱ्यांदा झाला. कौतिकाबाई माझ्याकडे वळल्या.

"सांग आता. पोट्टं कोनावर गेलं?"

नियम मोडावा तर पंचाईत, पाळावा तर त्या पोरीचं वाटोळं. मी खाली मान घालून पुटपुटले, "आजी, ते सांगता येत नाही."

"जोरानं सांग. खिडकीपाशी आयकू नाई गेलं."

"सांगता येत नाही!"

कौतिकाबाई उठल्या, पदर खोचला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"आयकलं? एवढ्या मोठ्या मशीनले सांगता येत नाई. मंग तुमाले कसं सांगता येते बे?"